पाहुण्याने सलाम केला नव्हता

बेर्दिके उठून बसला असता तर कालीपाचा फायदा उघड होता. सोनेरी घोडी वाचली असती. हिवाळ्याचं गवत पहिल्या बर्फाच्या आत कापून गंजीला लागलं असतं. शिवाय ताश-बुलाकसारख्या गावात पाच महिने बर्फात कोंडून काढायचे म्हणजे घरात भांडायला कोणीतरी लागतं, ती सोय कायम राहिली असती. चौथाही एक फायदा होता, पण तो कालीपा स्वतःशीसुद्धा बोलून दाखवत नसे. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तो हिशेब कधी कोणी मांडला नव्हता, आणि आता म्हातारपणी मांडायची तिला लाज वाटत होती.

तो पडूनच राहिला तर फायदा कोणाचा, हेही तिने पाहून ठेवलं होतं. मुल्लाचा थोडा. चोतबायचा जास्त, कारण चोतबाय नवऱ्याचा लहानपणापासूनचा सोबती होता, दिवसकार्याला मानाने बसणार होता आणि घोडीच्या मटणावर त्याचा भारी जीव होता.

झालं होतं ते असं. ऑगस्ट सरता सरता कळप डोंगरावरून खाली उतरले, तेव्हा शहरातून एक पांढरी मोटार आली. तिच्यात पडद्याचं यंत्र होतं आणि मेंढपाळांची पोटं ते फुकट तपासणार होते. बेर्दिके जाणार नव्हता. चोतबाय गेला म्हणून गेला. चोतबायला फुकटात काही मिळावं आणि आपल्याला मिळू नये, हे त्याला साठ वर्षांत एकदाही सहन झालेलं नव्हतं. चोतबायचं पोट साफ निघालं. बेर्दिकेच्या पोटावर गार मलम फासून तरुण डॉक्टर मात्र बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"आजोबा, यकृतात एखिनोकोक आहे," तो म्हणाला. "पाण्याची पिशवी असते. तुमची चांगली सफरचंदाएवढी झालीय. सात-आठ वर्षं वाढत असणार. मेंढ्यांचा आजार आहे हा, कुत्र्यामार्फत माणसाला होतो. ऑपरेशनने निघतो. तोवर घोड्यावर बसू नका. पडलात आणि ती आत फुटली, तर जिवावर बेतेल."

एवढ्या सगळ्या बोलण्यातून बेर्दिकेने एकच शब्द उचलला आणि घरी आणला. तोही त्याला धड उच्चारता येत नव्हता.

कालीपा मनाशी म्हणाली, बघा गंमत. आठ वर्षं ती पिशवी पोटात घेऊन हा माणूस गवत कापत होता, शिंगरं शिकवत होता, लग्नाकार्यात चौघांचं मटण एकटा खात होता. तेव्हा पिशवी होती, शब्द नव्हता. शब्द मंगळवारी आला आणि बुधवारी माणूस आडवा झाला.

आडवा झाला तो भिंतीकडे तोंड करून. गळ्याजवळचं हाड मोडलेलं असताना खिंड ओलांडून आलेला हा गडी आता उशीवरून मान उचलेना. दुसऱ्या दिवशी त्याने चाबूक भाच्याला देऊन टाकला. तिसऱ्या दिवशी कबरीची जागा सांगितली, बापाच्या उजव्या हाताला, जरा उंचावर, पाणी साचत नाही तिथे. मग म्हणाला,

"माझ्या दिवसांना सोनेरी घोडी कापा."

"ती दुधाची आहे," कालीपा म्हणाली.

"म्हणूनच. लोकांनी काय म्हणावं, बेर्दिकेच्या दिवसांना लंगडी म्हातारी घोडी घातली म्हणून?"

"म्हणेनात का. तुम्ही कुठे ऐकायला असणार आहात?"

"बायबिचे," तो भिंतीला उद्देशून म्हणाला, "मरणाऱ्या माणसाशी असं बोलू नये."

त्याने तिला घरची थोरली म्हणून बायबिचे म्हटलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. एरवी तो 'म्हातारे' म्हणायचा. बिश्केकहून लेकीचा फोन आला, ती फोनमधून रडली. मॉस्कोहून लेकाचा आला, तो फोनमधून ओरडला. दोघांनाही बेर्दिकेने घोडीचं सांगून टाकलं.

चौथ्या दिवशी कालीपा शेणी रचता रचता थांबली आणि तिला सासूची आठवण झाली. त्या घरात सासूने तिला पहिल्या वर्षी स्वयंपाक शिकवला नव्हता, बोलायला शिकवलं होतं. पीठ संपलं म्हणायचं नाही, पीठ वाढलं म्हणायचं. लांडग्याला लांडगा म्हणायचं नाही, लांबशेपट्या म्हणायचं. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्यालाच बोलावलं. पोरांना गोवर-देवी आल्या की घरात पाहुणा उतरलाय म्हणायचं, दाराशी दूध ठेवायचं आणि आवाज खाली आणायचा. कालीपा तेव्हा शाळा शिकून आलेली, तिला हसू यायचं. पण एक गोष्ट तिने तेव्हाही टिपून ठेवली होती: शेजारची बाई पोराच्या अंगावर फोड बघून किंचाळत सुटायची, आणि सासू पाहुण्यासाठी म्हणून शांतपणे पाणी उकळत ठेवायची. पोरं दोन्ही घरची सारखीच आजारी असायची. घरं सारखी नसायची.

त्या दिवशी दुपारी ती नेहमीचा मीठ-दुधाचा चहा घेऊन गेली, तो दोन वाट्यांत. एक त्याच्यापुढे ठेवली, दुसरी शेजारी.

"ही कोणाची?" बेर्दिकेने डोळा किलकिला करून विचारलं.

"तुमच्या पाहुण्याची."

"कुठला पाहुणा?"

"आठ वर्षं तुमच्याकडे उतरलाय तो. आजवर कोणी चहासुद्धा विचारला नाही बिचाऱ्याला."

बेर्दिकेने दोन्ही डोळे उघडले. मग हळूच, "पाहुणा म्हणतेस?"

"मग काय म्हणू? आणि घरात पाहुणा असताना यजमान भर दुपारी लोळत पडलाय. तुमच्या आईने पाहिलं असतं तर उलथनं घेऊन आल्या असत्या."

त्याने हात लांब करून दुसरी वाटी नीट मांडली. मग उठून बसला, पट्टा बांधला, टोपी शोधली. पाहुण्यासमोर बोडक्याने बसायचं नाही, हे त्याला शब्द फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्याने आपली वाटी प्यायली. मग, कोणी पीत नाही असं पाहून, दुसरीही प्यायली.

त्यानंतरचे बारा दिवस कालीपाने वर्षभरात पाहिले नव्हते इतके चांगले गेले. बेर्दिके गवताला गेला. स्वतः कापलं नाही, पण भाच्याच्या डोक्यावर उभं राहून त्याच्याकडून दुप्पट कापून घेतलं. घोड्यावर बसायचा मोह झाला की कालीपा म्हणे, "पाहुण्याला घोड्यावर मळमळतं," आणि तो लगाम धरून घोड्याबरोबर चालत जाई. जेवताना चरबीचा तुकडा पुढे ओढून घेई आणि वर म्हणे, "मला नको होता, पण त्याच्यासाठी." गावात कोणी भेटलं की विचारी, "पाहुणा काय म्हणतो?" तो सांगे, "चाललंय. गरीब आहे स्वभावाने."

चोतबायने मात्र वेगळाच हिशेब काढला.

"पोटात पाहुणा?" तो घोड्यावरूनच ओरडला. "ह्या वयात? कालीपा, अगं मुलगा हवाय की मुलगी?"

"मुलगीच असेल," बेर्दिके म्हणाला. "तुझ्यासारखी सारखी खायला मागते."

"नाव माझ्या आईचं ठेव हं!"

हसून हसून बेर्दिकेने पोट धरलं. कालीपा धावत पुढे आली, पण काही झालं नाही. चोतबाय गेल्यावर बेर्दिकेने चाबूकही भाच्याकडून परत मागून आणला. घोडीचं नाव कोणी काढलं नाही. कालीपाने मनात जमेच्या बाजूला मोठा आकडा टाकला आणि तिथेच तिची चूक झाली. पाहुणा म्हणजे आपल्या लोकांत काय चीज आहे, हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं.

तेराव्या दिवशी क्लारा आली. क्लारा गावच्या छोट्या दवाखान्यातली नर्स, पन्नाशीची, रबरी बूट घालून चिखलातून फिरणारी आणि सगळ्या गावाला सुया टोचून झालेली. तिच्या हातात नारिनच्या मोठ्या इस्पितळाचा कागद होता.

"बेर्दिकेदादा, तारीख मिळाली. सोळा तारखेला दाखल व्हायचं, अठराला ऑपरेशन. गाडीचं मी बघते."

"बस, क्लारा. चहा घे," बेर्दिके म्हणाला. "ऑपरेशन म्हणजे काय करतात?"

"पोट उघडून ती पिशवी काढून टाकतात."

"म्हणजे सुरीने?"

"मग काय चमच्याने?"

बेर्दिकेने वाटी खाली ठेवली. "उपासमारीच्या वर्षी माझ्या बापाने दारात आलेल्या परक्या माणसासाठी शेवटची मेंढी कापली. तो माणूस वसंतापर्यंत राहिला. बापाने त्याला एकदाही विचारलं नाही, केव्हा निघणार म्हणून. आणि त्याचा मुलगा मी, पाहुण्याच्या मागे सुरी घेऊन लागू? नाही जमायचं. जायचं तेव्हा जाईल आपल्या पायांनी."

"त्याला पाय नाहीत, दादा!"

"म्हणून तर. पाय नसलेल्या पाहुण्याला हाकलायचं?"

क्लाराने कालीपाला हाताला धरून अंगणात आणलं.

"ताई, हे तुमचं काम! मी आख्ख्या गावाला रोगाची माहितीपत्रकं वाटते आणि तुम्ही त्याला पाहुणा करून गादीवर बसवलात?"

"उठवला की नाही मी त्यांना?"

"उठवलात. आणि उठवून खुंट्याला बांधलात. आता सोडवा."

कालीपाने सरळ मान खाली घातली. एवढ्या वर्षांत असं तीनदाच झालं असेल.

मग क्लारा परत आत गेली आणि तिने आपल्या पद्धतीने प्रयत्न केला. "दादा, हा पाहुणा नव्हे. हा शत्रू आहे. चोरून घरात शिरलाय. याच्याशी लढायचं असतं. आम्ही सगळे तुमच्या बाजूने आहोत."

बेर्दिकेने नीट ऐकून घेतलं. "लढाई कुठे होणार?"

"पोटात."

"कोणाच्या?"

"तुमच्या, दादा."

"म्हणजे जिंको कोणीही, तुडवलं जाणार माझंच शेत."

शत्रू घरात असल्याचं कळल्यावर कोणता माणूस स्वस्थ बसेल? बेर्दिके संध्याकाळच्या आत अंथरुणात गेला. झोप लागेना, कारण शत्रू जागा असेल अशी त्याला शंका. चहा घशाखाली उतरेना, कारण तो शत्रूलाच मिळणार. दोन दिवसांत त्याने पुन्हा घोडीचं विचारलं.

चोतबायने डिवचून पाहिलं. "भ्यालास तू, बेर्दिके. साफ भ्यालास."

"भ्यालो."

"अरे, निदान चीड तरी! पोरं हसतील."

"हसू देत. तू का भीत नाहीस सांगू? तुला झालं नाही म्हणून."

चोतबाय बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. अंगणात तो कालीपाला म्हणाला, "मटण मला आवडतं, कालीपा. पण इतकं नाही." आणि घोड्यावर बसून निघून गेला. कालीपाने त्याच्या नावावरचं जुनं मत त्या क्षणी खोडून टाकलं.

सोळा तारखेला सहा दिवस राहिले होते. क्लाराने बजावलं होतं, ही तारीख चुकली तर पुढची नोव्हेंबरात, आणि नोव्हेंबरात खिंडीचं काय होतं ते सगळ्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी कळप सुखरूप उतरल्याच्या आनंदात चोतबायकडे मेंढी कापली. कालीपा बायकांबरोबर आतडी धुवायला बसली होती. चोतबायच्या बायकोने यकृत बाहेर काढलं. त्याच्या कडेला पांढुरकी, तकतकीत पाण्याची पिशवी होती, कबुतराच्या अंड्याएवढी. तिने सवयीने सुरीचा एक फेरा मारला, पिशवी बाजूला केली आणि कुत्र्याला हाक मारली.

"थांब," कालीपाने तिचा हात धरला. "कुत्र्याला नको. क्लारा काय म्हणाली? जाळायचं. कुत्र्याच्या पोटातून ते परत गवतावर येतं."

"अगं, आजवर कुत्र्यालाच तर घालतोय."

"म्हणूनच आजवर होतंय."

ती पिशवी हातात धरून कालीपा तशीच बसून राहिली. लग्न होऊन आल्यापासून अशा किती कापून काढल्या असतील तिने, शंभर, दीडशे? कोणी त्याला लांबलचक नाव दिलं नाही, कोणी पाहुणा म्हटलं नाही, शत्रू म्हटलं नाही. मेंढीचं पाणी म्हणायचं, सुरीचा एक फेरा, संपलं. बायका विचारत होत्या, काय झालं, चक्कर येतेय का. कालीपाने एक कल्हईचं पातेलं मागून घेतलं, पिशवी त्यात ठेवली, वर फडकं टाकलं आणि घरी निघाली.

बेर्दिके भिंतीकडे तोंड करून होता.

"अहो," ती पातेलं बाजूला ठेवत म्हणाली, "एक न्याय करा. चोतबायच्या कळपात दुसऱ्याचं जनावर शिरलंय. बरेच दिवस झाले. तो म्हणतो, राहू दे, पाहुणं आहे."

भिंतीकडचं तोंड इकडे वळलं.

"पाहुणं? जनावर कधीपासून पाहुणं झालं?"

"तो म्हणतो, आलेल्याला हाकलू नये."

"हाकलायला कोण सांगतंय!" बेर्दिके कोपरावर उठला. "चुकार जनावर ते चुकार जनावर. त्याला चारायचं, पाणी दाखवायचं, मारायचं नाही. चार लोकांत पुकारा करायचा. धनी आला, खुणा पटल्या, की दोर त्याच्या हातात द्यायचा. न पुकारता ठेवून घेतलं तर ती चोरी. पाहुणा म्हणून ठेवलं तरी चोरीच. हे चोतबायला ठाऊक नाही? त्याला सांग, बेर्दिके म्हणतो..."

या बाबतीत बेर्दिकेचा शब्द साऱ्या खोऱ्यात चालत असे. एका पावसाळी शरदात तो दोन दिवस पायी चालून एक दोन वर्षांचं शिंगरू त्याच्या धन्याला पोचवून आला होता. धन्याला ते हरवल्याचा पत्ताही नव्हता.

"चोतबायला नाही," कालीपा म्हणाली. "तुम्हालाच सांगतेय." आणि तिने फडकं उचललं.

बेर्दिकेने पातेल्यात पाहिलं. "हे काय? मेंढीचं पाणी."

"कोणाचं?"

"मेंढीचं म्हणतोय ना."

"डॉक्टरच्या पडद्यावर तुम्ही पाहिलंत ते कसं होतं?"

त्याने बोटाने पिशवी हळूच दाबून पाहिली. मग आपल्या पोटावर हात ठेवला.

"असंच," शेवटी म्हणाला. "मोठं होतं. पण असंच."

"मग मेंढीचं ते माणसाच्या कळपात काय करतंय?"

"तूच म्हणालीस पाहुणा आहे म्हणून."

"चुकले मी. पाहुणा दारातून येतो. सलाम करतो. ह्याने सलाम केला होता?"

बेर्दिकेने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही केला."

"कोणाचा कोण, कुठला, सांगितलं?"

"नाही."

"मग?"

बेर्दिके ताठ बसला. त्याच्या चेहऱ्यावर आता भीती नव्हती. दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे कालीपाला ओळखू यायला थोडा वेळ लागला. त्याला लाज वाटत होती.

"आठ वर्षं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आठ वर्षं परक्याचं जनावर चारलं मी. आणि कुठे पुकारलं नाही."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"आता आहे ना. म्हातारे, माझे बूट कुठे ठेवलेस?"

म्हातारे म्हणाला. कालीपा बूट शोधायला म्हणून बाहेर गेली आणि बूट हातात घेऊन जरा वेळ ओसरीवरच उभी राहिली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर मशिदीच्या अंगणात बेर्दिके उभा राहिला आणि रीतीप्रमाणे त्याने पुकारा केला. "लोकहो, माझ्याकडे एक चुकार जनावर आहे. आठ वर्षं झाली, मला कळलं नाही, माफी असावी. ज्याचं असेल त्याने खुणा सांगून न्यावं."

आधी कोणाला काही उमगेना. चोतबायला सगळ्यांच्या आधी उमगलं.

"रंग काय?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"पांढरा."

"शिंगं?"

"नाहीत."

"शेपूट?"

"तेही नाही."

"कानाला खूण?"

"कानच नाहीत, मूर्खा."

"माझं नाही!" चोतबाय दोन्ही हात वर करून ओरडला, आणि मुल्लासकट सगळं अंगण हसलं. तीनदा पुकारा झाला, कोणी हक्क सांगितला नाही. मग क्लारा कुंपणापलीकडून म्हणाली, "नारिनला एक माणूस आहे. असली जनावरं तोच गोळा करतो." बेर्दिकेने मान डोलावली. खिंडीच्या पलीकडे पोचवायचं, एवढंच ना? त्याची तर त्याला सवयच होती.

नारिनच्या इस्पितळातला सर्जन मूळ कोचकोरकडचा होता, चाळिशीचा, मोठ्या हातांचा. त्याने कागद वाचायला सुरुवात केली. त्यात रक्तस्राव होता, भूल होती, पिशवी फुटण्याचा धोका होता. बेर्दिकेने त्याला मध्येच थांबवलं.

"बाळ, ते राहू दे. आधी खूण पटव. जनावर तुझंच ना?"

सर्जनने एकदा कालीपाकडे पाहिलं. त्याचा बापही मेंढ्याच राखत असावा, कारण त्याने कागद खाली ठेवला.

"आमचंच आहे, आबा. किती वर्षं चारलंत?"

"आठ."

"चराईचं काय द्यायचं?"

"काही नको. कळपाला धक्का न लावता हळूच बाहेर काढ. भडकलं तर तुडवेल."

"मीही हेच सांगत होतो," सर्जन म्हणाला. "ह्या कागदात नेमकं हेच लिहिलंय."

बेर्दिकेने सही केली. त्याला आत नेताना तो कालीपाला म्हणाला, "घोडीला संध्याकाळी उशिरा पिळू नका म्हणावं." झालं, एवढंच.

बाहेरच्या खिडकीतल्या बाईने कालीपाला एक फॉर्म दिला. रुग्णाचं नाव, वय, जवळचा नातेवाईक. चौथ्या ओळीवर आजाराचं नाव लिहायचं होतं. कालीपाने पेन टेकवलं आणि एखिनोकोक असं न अडखळता, एका दमात लिहिलं. जवळपास चार आठवडे तो शब्द तिच्याजवळ होता. क्लाराला तिने पहिल्याच दिवशी गाठून सगळं विचारून घेतलं होतं, फुटली तर काय होतं, किती वेळात होतं, शंभरातले किती बाहेर येतात. ज्या घरात पीठ वाढतं, तिथे डब्यात पीठ नाही हे कोणा एकीला तरी माहीत असावं लागतं. नाहीतर गिरणीत जाणार कोण? बेर्दिकेला तिने आधी पाहुणा दिला, मग चुकार जनावर दिलं. स्वतःला द्यायला तिच्याकडे दुसरा शब्द उरला नव्हता. बाकावर बसून ती तोच एक घेऊन थांबली, उघडा, जसा होता तसा.

चार तास झाले. दार दोनदा उघडलं आणि दोन्ही वेळा दुसऱ्या कोणासाठी होतं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा एक तरुण परिचारिका बाहेर आली, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि काही सांगायच्या आधी हात पुढे करून म्हणाली,

"सुयुनचू!"

बातमी गोड असेल तरच हा शब्द उच्चारायचा. ऐकणाऱ्याने आधी बक्षीस द्यायचं आणि मग बातमी ऐकायची. त्या पोरीला अजून पुष्कळ सांगायचं होतं, पिशवी अख्खी निघाली, रक्त फारसं गेलं नाही, आबा भुलीतसुद्धा कोणाच्या तरी घोडीविषयी बोलत होते. कालीपाने त्यातलं काहीच ऐकलं नाही. तिचं काम त्या एका शब्दाने केलं होतं. तिने खिसे चाचपले, पिशवी चाचपली, द्यायला काही सापडेना. मग अंगातलं नवं लोकरीचं जाकीट उतरवून तिने पोरीच्या खांद्यावर घातलं. पोरगी नको नको म्हणत राहिली. नको कसं? रीत म्हणजे रीत.

आता कोणी काय मोजलं ते सांगून टाकावं. सोनेरी घोडीने काही नाही, ती अजून दूध देते आहे. चोतबायने एक मेजवानी गमावली; तो म्हणतो उधार राहिली. गावातल्या कुत्र्यांना यकृताचा तुकडा मिळणं कायमचं बंद झालं आणि वर दर तीन महिन्यांनी क्लाराची कडू गोळी सुरू झाली. त्यांना कोणी समजुतीचा शब्दही दिला नाही. बेर्दिकेने वीतभर वण दिला आणि एक हिवाळा घोड्याशिवाय काढला. वण तो पाहुण्यांना सदरा वर करून दाखवतो आणि म्हणतो, हे बघा, इथून धन्याच्या हाती दिलं. कालीपाने एक नवं जाकीट दिलं, सप्टेंबरअखेर त्याला घरी आणताना मोटारीच्या मागच्या उघड्या भागात वाऱ्यात बसली आणि आठ दिवस सर्दी-तापाने पडली. त्या आठ दिवसांत चहा बेर्दिकेने केला. रोज मीठ जास्त पडलं. तिने रोज पूर्ण वाटी प्यायली.